सात लाख वीस हजार सातशे वीस

खुशोब, १८ नोव्हेंबर

सियोवुश बाळा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. शोदीची गाडी उद्या तुमच्या येकातेरिनबुर्गकडे निघते आहे, त्याच्याच हाती देतो. तो म्हणाला, "काका, सियोवुश मला बघून रस्ता बदलतो." मी म्हटलं, "तू कागद दे. भेट नाही झाली तरी चालेल." कागदाचं बरं असतं, त्याला बघून कोणी रस्ता बदललेला कळत नाही.

इकडे सगळं ठीक. जर्दाळूची झाडं उघडी झाली. तुझ्या मोहिनाचे पुढचे दोन दात पडलेत आणि फुंकर घातल्याशिवाय तिला तुझं नाव घेता येत नाही. सनवबर पहाटे तंदूर पेटवते, पहिली रोटी मला आणून देते. तुझं मी विचारत नाही, ती सांगत नाही. सासऱ्या-सुनेचं इतकं जमलेलं गावात दुसरं घर नसेल.

परवा मोहिनाने आजोबाला विचारलं, "बोबो, आपल्या पाण्याचा आकडा एवढा लांबडा का? शंभर का नाही?" समोर जर्दाळूच्या बिया होत्या. म्हटलं, घे शंभर, आणि तीन घरांना सारख्या वाट. वाटल्या. "एक उरली." "ती कोणाची?" "माझी!" म्हणाली. म्हटलं, बाई गं, असंच म्हणत पूर्वी या पाटावर डोकी फुटायची. उरलेलं पाणी प्रत्येकाला आपलंच वाटायचं.

मग तिला आपला आकडा कसा रांधला ते सांगितलं. आधी सोळा घ्यायचे. आठ, चार, दोन त्यांच्या पोटात आहेतच, त्यांना वेगळं आवतण नको. मग नऊ, तीन त्यात आले. मग पाच. आणि सात, अकरा, तेरा हे तिघे मानी पाहुणे, ते कोणाच्या मागून येत नाहीत, प्रत्येकाच्या दारी जाऊन बोलवावं लागतं. दहा, बारा, चौदा, पंधरा मात्र वरातीमागच्या पोरांसारखे न बोलावता येतात. या सगळ्यांचा गुणाकार म्हणजे सात लाख वीस हजार सातशे वीस. हंगामाच्या पाण्याचे तेवढे घोट धरायचे. मग पाटावर एक घर असो की सोळा, भाग पुरता जातो, हातावर काही राहत नाही. याहून लहान आकड्याला हे जमत नाही, मी सगळे हिवाळे शोधून पाहिलंय.

ती म्हणाली, "बोबो, यात सातशे वीस दोनदा लिहिलेत." सातवीत असताना तूही हेच बोललास, आणि वर मला शिकवलंस, की कुठलाही तीन आकडी आकडा दोनदा जोडून लिहा, सात, अकरा आणि तेरा यांचा भाग त्याला गेलाच पाहिजे. मी विश्वास ठेवला नव्हता. बकऱ्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने आकडे मांडून बघितले. सगळ्यांना गेला. माझी शाळा चौथीपर्यंतची. माझी पाचवी तुझ्यापाशी झाली.

आता कामाचं. ज्या घराचं फावडं सलग तीन वसंत पाटाचा गाळ काढायच्या हशरला आलं नाही, त्याचा वाटा बाकीच्यांत वाटायचा, हे तुला ठाऊक आहे. आधी दर वसंताला तुझा निरोप यायचा, गेले दोन वसंत कोरडे गेले. हा तिसरा. माझं फावडं तुझ्यासाठी चालत नाही, एका फावड्यावर दोन घरं उभी राहत नाहीत. तू ये असं मी म्हणत नाही. तुझ्या वतीने कोणी खणायचं एवढा तोंडी निरोप पंचांतल्या हैदरला फोनवर दे. दोन वाक्यांचं काम आहे. वाटा गेला तर सनवबरची बाग जाईल, आणि बाग गेली की ती पोरीला घेऊन माहेरी जाईल. तिला अडवायला माझ्या हातात काय राहील?

तुझा,
बाबा


खुशोब, ९ जानेवारी

सियोवुश,

बर्फाने घाट बंद आहे. हा कागद कधी निघेल माहीत नाही, तरी लिहून ठेवतो. म्हाताऱ्याला हिवाळ्यात दुसरं काम काय? शेगडी आणि जुनी भांडणं, दोन्हीला फुंकर घालत बसायचं.

तू गेलास ती बैठक आठवत होतो. तेव्हा घरं सोळा होती, पुरी भरलेली. तू लग्न झाल्यावर वेगळं पाणी मागितलंस, म्हणजे सतरावं घर. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाग लावला. बेचाळीस हजार तीनशे पंचाण्णव, आणि बाकी पाच. अठरा असते तर भाग गेला असता बघ. चाळीस हजार चाळीस, एक थेंब उरत नाही. अठराला त्याच्या पंगतीत जागा आहे, एकोणिसाला नाही, आणि सतराला नाही. सोळाच्या शेजारी बसलेल्या या एकट्यालाच तो ताट वाढत नाही.

तू उठून म्हणालास, "बाबा, सतराने गुणा ना त्याला! एक कोटी बावीस लाख बावन्न हजार दोनशे चाळीस. मग मीही बसेन, आणि कोणाची बाकी उरणार नाही." तोंडी गुणाकार केलास. हैदर म्हणाला, "कोटींत पाणी मोजायला आपण काय समुद्र लावला आहे का?" सगळे हसले. मग तू बोललास ते मी अजून विसरलो नाही: "पाच घोटांचं निमित्त आहे. प्रत्येकाच्या ताटातले दोन हजार सहाशे पन्नास घोट कमी होतात, ते बोला."

खरं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. आकडा बिचारा सरळ, त्याच्या पाठीआड सोळा माणसं लपली होती. तू त्याच आठवड्यात गेलास.

आणि गंमत बघ. तू गेल्यावर चार महिन्यांत ओदिनाचं घर रशियाला गेलं, दाराला कुलूप. जागा झाली, मी तुझं नाव घातलं. सनवबरने तुझ्या नावावर पाणी घेतलं आणि खडकाळ उतारावर बाग उभी केली. मग आणखी एक कुलूप. पंधरा घरं, अठ्ठेचाळीस हजार अठ्ठेचाळीस. मग चौदा, एक्कावन्न हजार चारशे ऐंशी. आता तेरा, पंचावन्न हजार चारशे चाळीस. दर वेळी भाग पुरता जातो. दर वेळी लोक म्हणतात, "हिक्मतअका, काय आकडा शोधलास!" आणि मी हसतो.

पण खरं सांगू? हा आकडा केला तेव्हा वाटलं होतं, आपण भांडण मिटवलं. आता वाटतं, माणूस गेल्याचं काहीतरी खुपायला हवं. पूर्वी घर बंद झालं की हिशोब आठवडाभर अडायचा, लोक बसायचे, गेलेल्याच्या नावाने शिव्या द्यायचे, त्याच्या आईला रडायला यायचं. आता मी चहा निवायच्या आत नवा भाग सांगतो आणि लोक आपापल्या घरी जातात. गेलेला माणूस कुठे अडकतच नाही.

लोक तुझ्याबद्दल काहीबाही बोलतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी कान देत नाही.

निरोपाचं विसरू नकोस.

बाबा


खुशोब, २ मार्च

सियोवुश,

शोदी आला. तुझं नोव्हेंबरचं पाकीट दिलं म्हणाला, जानेवारीचं आता या कागदाबरोबर नेईल. दार एका बाईने उघडलं म्हणे. घरमालकीण असेल. तिच्या कडेवर मूल होतं म्हणे. घरमालकिणींनाही मुलं असतात. शोदीला मी पुढे विचारलं नाही, आणि तो बूट झटकत बसला, तेव्हा कळलं की त्यालाही सांगायचं नाही.

हे मी सनवबरला सांगितलेलं नाही.

हैदर आला होता. दोन कप चहा होईपर्यंत हवापाणी बोलला. मग म्हणाला, "अका, तुझा आकडा फार सभ्य आहे. तेरा म्हटलं तरी मान डोलावतो, बारा म्हटलं तरी."

मी म्हटलं, "सरळ बोल."

"बाराने साठ हजार साठ येतात. घरटी चार हजार सहाशे वीस घोट जास्त. माझी खालची बाग दोन वर्षं अर्धीच भिजते आहे, तू येऊन बघितलीस का कधी?"

"आणि सनवबरची?"

"ती पोर चांगली आहे. पण घर कोणाचं? फावडं नाही, निरोप नाही, पैसा नाही. तुझा मुलगा आहे म्हणून आम्ही दोन वर्षं तोंड शिवलं. दुसऱ्या कोणाचा असता तर तूच पहिल्या वर्षी आवाज चढवला असतास."

मी त्याचा कप पुन्हा भरला. त्याला राग येऊन उठून जावं असं काही बोलावं म्हटलं, ते सुचलं नाही. तो जाताना म्हणाला, "त्याचा फोन आला तर मी सगळ्यांसमोर सांगेन, आला म्हणून. खोटं नाही बोलणार. फोन चालू ठेवलाय मी, चार्जिंगलाच लावून ठेवतो."

म्हणजे बघ. ज्याला तुझं पाणी हवंय, तोसुद्धा तुझ्या फोनची वाट बघतो आहे.

हशर नवरोझनंतरच्या रविवारी. गव्हाच्या अंकुरांच्या सुमलकची कढई यंदा आपल्या अंगणात आहे. मोहिना सगळ्यांना सांगत सुटली आहे की तिचा बाबा ढवळायला येणार. तिला कोणी सांगितलं, मी विचारलं नाही.

बाबा


खुशोब, २३ मार्च

सियोवुश,

तुझा फोन आला.

मला नाही, हैदरलाही नाही. अंगणात सुमलक शिजत होतं, बायका गात होत्या, सनवबरच्या हातात लाकडी कलथा होता. तिने फोन कानाला लावला, चेहरा असा उजळला की बाकीच्या बायका थट्टा करायला लागल्या. "काय गं, गाडीत बसला का?" मग ती "हो" म्हणाली. मग पुन्हा "हो." फोन ठेवला आणि परत ढवळायला लागली. आम्हाला वाटलं, खुशीने गप्प आहे. कढई उतरेपर्यंत तिने हात थांबवला नाही. सगळ्या बायका गेल्यावर मला म्हणाली, "बाबा, त्यांनी तीनदा म्हटलं. मी मोजलं."

तलाक द्यायचा तर माणसाने समोर उभं राहून द्यावा. नवरोझच्या दिवशी, कढईपाशी, रेंज येते-जाते अशा फोनवर?

त्या मुलाचं नाव काय ठेवलंस, तेवढं कळव. मला नातू झालाय आणि नाव माहीत नाही.

सनवबरचे भाऊ न्यायला येतील. ते चांगले लोक आहेत, पण त्यांच्या घरात आधीच तीन भाऊ, त्यांच्या बायका आणि एक खोली. मोहिना कोणाच्या तरी उशाशी झोपेल. मी सनवबरला म्हटलं, "पोरी, माझ्याकडून तुला कसलं बंधन नाही." ती म्हणाली, "फावडं कुठे ठेवलंय?"

मला वाटलं, अंगणातली राख काढायला मागते आहे.

बाबा


खुशोब, ७ एप्रिल

सियोवुश,

हा कागद तू वाचशील न वाचशील. पाटकरी म्हणून तुला कळवणं माझं काम आहे, बाप म्हणून काही कळवायचं ते शेवटी लिहितो.

हशरच्या सकाळी पाटाची लांबी घरांत वाटून खुंट्या ठोकायच्या असतात. अंधार सरायच्या आधी मी गेलो. बारा की तेरा, माझं मलाच ठरत नव्हतं. हात आपोआप तेरा ठोकून मोकळा झाला. हैदर आला, एकेक खुंटी बोटाने मोजत गेला.

माणसं जमली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सनवबर उतारावरून खाली आली. तुझे जुने बूट घातलेले, आत चिंध्या कोंबलेल्या. सलाम केला आणि शेवटच्या खुंटीपाशी पाटात उतरली. गाळ वर पडायला लागला.

हैदर म्हणाला, "पोरी, थांब. तू कोणाच्या नावाने खणतेस?"

"माझ्या."

"तुझ्या नावावर काय आहे?"

"बाग मी जगवली. दगड मी वेचले. तुम्हीच म्हणायचात ना हैदर अमाक, तिच्या हातच्या जर्दाळूला मध सुटतो म्हणून? तो कोणाच्या नावाने सुटायचा?"

कोणीतरी हसलं. हैदर लाल झाला. "मी जर्दाळूचं नाही विचारत. तुला आता या गावात नवरा नाही. हे सगळ्यांना कळलंय. मला वाईट वाटतं, देवाशपथ वाटतं. पण बाईचं फावडं हशरला धरायची रीत नाही."

ती फावडं टेकवून उभी राहिली. "फावड्याला नवरा लागतो, हे मला माहीत नव्हतं."

सगळे माझ्याकडे वळले. पाटकऱ्याचा शब्द शेवटचा, तुला माहीत आहे. मला आकडा आठवला, तो नेहमी आठवतो. बाराला साठ हजार साठ, तेराला पंचावन्न हजार चारशे चाळीस, दोन्ही सरळ, दोन्ही चकचकीत, दोन्ही बिनबाकीचे. जन्मभर मी त्याच्यावर टेकून निवाडे केले. त्या दिवशी त्याने कुठल्याच बाजूने तोंड उघडलं नाही. बाळा, सगळ्यांना भाग जाणारा आकडा कोणाचाच कैवार घेत नाही, हे मला या वयात कळलं.

मी म्हटलं, "ज्या घराचं फावडं पाटात पडतं, ते घर. माझ्या आजोबांनी सांगितलं ते एवढंच. त्यात ते फावडं कोणाच्या हातात असावं, हे ते बोलले नव्हते. कोणाला त्यांच्याकडून वेगळं ऐकू आलं असेल तर आत्ता सांगा."

मग हैदर म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खाली होता, "मान्य. पण अका, मग सियोवुशचं नाव काढ. एका घरावर दोन नावं नकोत. उद्या तो आला आणि पाणी मागितलं, तर तू या पोरीचं तोडशील. बाप आहेस."

तो वैऱ्यासारखा नाही बोलला. मला ओळखणारा माणूस बोलला. तू दारात उभा राहिला असतास तर मी खरंच तोडलं असतं.

मी पाटात पाहिलं. ती पुन्हा खणायला लागली होती. मागे वळून पाहिलं नाही तिने. माझ्याकडे बघून मला अवघड करायचं नव्हतं तिला.

"काढलं," मी म्हटलं.

दुपारी तिच्या वाट्यात एक मोठा धोंडा निघाला. हैदर पहार घेऊन उतरला. "माझ्या बागेचं पाणी हिच्याकडे चाललंय आणि धोंडेही मीच काढतोय," असं बडबडत त्याने तो उलथवला. संध्याकाळी तिचे भाऊ गाडी घेऊन आले, चिखलात बसून आमच्याबरोबर शोर्बा प्यायले आणि रिकामी गाडी घेऊन परत गेले.

काल पाणी सोडलं. पाटाच्या तोंडाशी, दहान्यावर उभं राहून घरांची नावं हाक मारायची असतात, आणि ज्याने त्याने "हाजिर" म्हणायचं. बारा नावं झाली. तेरावं म्हणताना जुन्या सवयीने "सि" तोंडाबाहेर आलंच. लोकांनी खाली पाहिलं. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "सनवबर." ती "हाजिर" म्हणाली. मी फळी उचलली. पाणी गेलं.

पाटकरी म्हणून एवढंच. खुशोबच्या पाटावर आता तुझा घोट नाही.

बाप म्हणून मला असं लिहायचं होतं की काही बिघडलेलं नाही, ये. पण बिघडलंय. बागेत आता तुझं काही नाही, आणि ते मीच माझ्या तोंडाने केलंय. रात्रभर वाटत राहिलं की मी तुला दुसऱ्यांदा उठवून दिलं, या वेळी बाकी पाच नसतानाही. सकाळी सनवबर रोटी घेऊन आली. मी म्हटलं, "आता मी तुझा सासरा नाही, कशाला आणतेस?" ती म्हणाली, "गरम आहे तोवर खा."

तरी तू ये. एकटा ये, नाहीतर त्या बाईला आणि मुलाला घेऊन ये. माझ्या घरी उतर. पाणी मागू नकोस, माझ्याकडे द्यायला नाही. पाहुणा म्हणून ये. पाहुण्याच्या चहाला लागतं ते पाणी आपल्याकडे कोणाच्याच वाट्यात धरत नाहीत.

बाबा